धोंड्याची मार्गारिटा

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, एखादी गोष्ट मनावर घेतली की घरातल्या बाकीच्यांनी मुकाट्यानं बाजूला व्हावं हे बरं. फौजेतून सुभेदार होऊन घरी आले, तेव्हापासून आम्ही हे भोगतोय. परसात चार कोंबड्यांसाठी त्यांनी जे खुराडं बांधलंय, त्याच्या भिंती एवढ्या जाड आहेत की आत शिरायला कोंबड्याच घाबरतात. तर चैत्रात एक दिवस आबांचा फोन आला, "अंके, अमारेत्तो म्हंजे काय गं?"

मी विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत होते. मला वाटलं औषधाचं नाव असेल. "कुणाला काय झालंय?" मी विचारलं.

"झालं न्हाई कुणाला काय. दारू हाय ती, इटलीची. बदामाच्या वासाची. सांगलीत गावती का बघ."

मी मेथी बाजूला सारली. आबांचं चालूच होतं. यंदा अधिक ज्येष्ठ, आमच्या लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. जावयाला नारायण समजून घरी बोलवायचं, पाय धुवायचे, ओवाळायचं, कपडे करायचे, पुरणाचे धोंडे खायला घालायचे. आई केव्हाच त्या तयारीला लागली होती. आबांचं तेवढ्यानं भागणार नव्हतं.

"गेल्या साली गच्चीवर पावणं म्हणालं हुतं," आबा सांगत होते, "गोव्याला एकदा इटालियन मार्गारिटा घेतली, तसलं जन्मात कवा प्यालो न्हाई. माझ्या ध्यानात हाय ते. त्यात टकिला लागती, ती मिळाली. कराडच्या आमच्या पलटणीवाल्याचा पोरगा जहाजावर असतोय, त्यानं आणली. आता ह्ये अमारेत्तो तेवढं ऱ्हायलं." मग त्यांचा आवाज उतरला. "दिवाळीपास्नं पावणं फिरकलं न्हाईत. माझ्यावर नाराज हाईत का गं? मानपानात काय कमी पडलं का?"

"तसं काही नाही आबा. कामं असतात त्यांना," मी म्हणाले आणि फोन ठेवून माझ्या नवऱ्यावर, यशराजवर, मनातल्या मनात चिडले.

कामं होतीच, पण खरं कारण ते नव्हतं. दिवाळीनंतर यशराजनं दारू सोडली होती. तो ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत विक्रीचं बघतो. डीलर, त्यांच्या पार्ट्या, आठवड्यातल्या निम्म्या संध्याकाळी त्यातच जायच्या. एका सकाळी तो खाली पार्किंगमध्ये गेला आणि गाडीकडे बघत उभा राहिला. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. दोन खांबांच्या मधे ती अगदी सरळ लावलेली होती. आदल्या रात्री जयसिंगपूरहून ती आपण कुठल्या रस्त्यानं आणली, हे मात्र त्याला काही केल्या आठवेना. "कुठं ठोकलेली असती तर एवढा घाबरलो नसतो," असं तो वर येऊन म्हणाला. त्या दिवसापासून बंद. पहिले दोन-तीन महिने फार वाईट गेले. तो माझ्यावर खेकसायचा, मी त्याच्यावर. मी काही सोशिक बाई नाही. पण त्यानं निभावलं, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

डीलरांना त्यानं लिव्हरचं कारण सांगून गप्प केलं. आबांना ते सांगायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी काढ्याच्या बाटल्या घेऊन ते दारात उभे राहिले असते. "मग खरं सांग की," मी म्हणायचे. "नाहीतर मी सांगते."

"तू नको. मी सांगेन," तो म्हणायचा आणि सांगायचा नाही. एकदा फार टोचलं तेव्हा म्हणाला, "माझे वडील मी सातवीत असताना गेले, अंकिता. माझ्यासाठी खुर्ची मांडून कुणी वाट बघतंय, हे मला तुझ्या घरी पहिल्यांदा मिळालं. आबांचं आणि माझं जे काही आहे, ते त्या ग्लासाभोवतीच आहे. तो ग्लास काढून घेतला तर मागे काय उरेल?" आणि एक घोट घेतला तरी सगळं पाण्यात जाणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

सांगलीत अमारेत्तो मिळाली नाही. मी जीव तोडून शोधलीही नाही. मला वाटलं, विषय संपला. पण आबांनी मोबाइलवर बघून शोध लावला की ही दारू जर्दाळूच्या बियांपासून घरीसुद्धा करता येते. मग काय विचारता! लडाखला असताना त्यांनी जर्दाळूची झाडं पाहिली होती, तिथल्या बायका कडू बियांचं तेल काढतात तेही पाहिलं होतं. मिरजेच्या बाजारातून त्यांनी बियांसकट वाळवलेले जर्दाळू आणले आणि आईच्या अडकित्त्यानं एकेक बी फोडायला बसले. बिया फार झाल्या तर विष होतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून कडू बिया मोजक्याच उकळून-भाजून घेतल्या आणि बाकी साधे बदाम घातले. वरून फौजी कॅन्टीनची ब्रँडी, जाळून तांबूस केलेली साखर आणि आईच्या कस्टर्डातला व्हॅनिला. हे सगळं लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत. आईनं अधिकाच्या महिन्यात ती बरणी स्वयंपाकघरात येऊ दिली नाही, म्हणून ती गोठ्यात म्हशीच्या शेजारी राहिली. आबा रोज चव बघायला गोठ्यात जायचे. म्हशीची एवढी विचारपूस त्यांनी आयुष्यात केली नव्हती, असं आई फोनवर म्हणायची.

मला हे ऐकून हसू यायचं आणि लगेच जीव घाबरा व्हायचा. बाजारातली बाटली असती तर नको म्हणता आलं असतं. पण आठवडेच्या आठवडे खपून केलेल्या गोष्टीला नको कसं म्हणायचं?

ठरल्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. आमचं गाव इस्लामपूरच्या अलीकडे. आष्टा मागे पडल्यावर यशराज म्हणाला, "गेल्या गेल्या सांगतो. चहाच्या आधी."

"सांग बाबा," मी म्हणाले. "नाहीतर मी सगळ्यांसमोर भांडण काढीन."

पण गेल्या गेल्या सांगायला उसंत कुठे होती? उंबऱ्यातच आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आबांची थोरली बहीण, बनुआत्या, धोंड्यासाठी जतहून येऊन राहिली होती. तिनं पाट मांडला, रांगोळी घातली. जावयाचे पाय धुवायला आबा स्वतः खाली बसले. यशराजला भारी संकोच झाला. "मामा, तुम्ही नका," तो म्हणत होता आणि आबा एकेक बोट निरखून धूत होते. ओवाळणं झालं, कपडे झाले, ताटभर बत्ताशांचं वाण झालं. आबांनी घड्याळात पाहिलं आणि हात चोळले. "आता जेवणाआधी आपलं ते. इटलीत जेवणाआधीच घेत्यात म्हणं, भूक लागायला."

"नारायणाला दारू?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "जगात कुटं बगितलं न्हाई."

"नारायण गोव्याला जाऊन आल्यात," आबा म्हणाले.

सोप्यातल्या टेबलावर त्यांनी सगळं ओळीनं मांडलं होतं. टकिलाची बाटली, बरणीतून गाळून घेतलेली तांबूस अमारेत्तो, मोसंब्यांचा रस, दारातल्या झाडाची लिंबं. बाटलीकडे बघून बनुआत्यानं विचारलं, "ही कशाची रं?"

"घायपातासारखं झाड असतंय आक्का, त्याच्या गड्ड्याची."

"घायपाताची दारू?" आत्या थक्क झाली. "आमच्याकडं बांधाबांधाला हाय. आमी नुसती दोरखंडं वळत बसलो की रं!" मग तिनं हळूच मला विचारलं, "आणि ती मार्गारेट कोण? मिरजंच्या दवाखान्यातली नर्स व्हय?"

उंच दांड्याचे ग्लास घरात नव्हते, म्हणून आईस्क्रीमच्या काचेच्या वाट्या घेतल्या होत्या. आबांनी त्यांच्या कडांवरून लिंबाची फोड फिरवली आणि वाट्या साखरेच्या ताटलीत उपड्या घातल्या. साखर कारखान्याची, सभासदांना मिळते ती. "खरं तर मीठ लावत्यात," ते यशराजला समजावून सांगत होते, "पर इटालियनला साखर. आपल्या उसाची हाय." मग आई मला ज्या डब्यातून चिवडा पाठवते तो घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा त्यांनी घेतला, सगळं मापानं ओतलं, बर्फ टाकला, झाकण दाबलं आणि दोन्ही हातांनी डबा खांद्याशी धरून घुसळायला लागले. उन्हानं नव्हे, आनंदानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. यशराज शेजारी उभा होता. दोनदा त्यानं तोंड उघडलं आणि दोनदा बर्फाच्या खडखडाटात ते मिटलं. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली.

आबांनी वाट्या भरल्या. रंग खरोखर सुंदर आला होता, पिकत आलेल्या हापूससारखा. बदामाचा वास सोपाभर पसरला, त्यात चिवड्यातल्या कढीपत्त्याचाही थोडा होता. एक वाटी त्यांनी दोन्ही हातांनी यशराजपुढे धरली. "घ्या पावणं. पैला मान तुमचा."

यशराजनं वाटीकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही. त्यात ओढ होती आणि ती मला ओळखता येत होती. मग त्यानं हात मागे घेतले आणि म्हणाला, "मी नाही घेणार, मामा."

मी म्हटलं, आता सांगेल. तेवढ्यात बनुआत्यानं हातावर हात मारला. "रुसला! जावई रुसला गं बाई!"

जावयानं रुसायचं, ताटावर बसून घास घ्यायचा नाही, आणि सासऱ्यानं काहीतरी कबूल करून त्याची समजूत काढायची, ही आमच्याकडची जुनी रीत. हल्ली लग्नात फोटोपुरती करतात. आबांचा उतरलेला चेहरा एकदम उजळला. दिवाळीपासूनचं कोडं त्यांना सुटलं होतं! जावई नाराज नव्हता, रुसला होता. आणि रुसव्याला औषध असतं.

"आसं व्हय!" ते म्हणाले. "मग सांगायचं न्हाई का? लग्नात गडबडीत तुमचा रुसवाच काडला न्हाई आमी. चुकलंच. घड्याळ घेऊया का? चांगलं, मनगटभर?"

"मामा, तसं नाही हो..."

"घड्याळानं भागत न्हाई," आत्या म्हणाली. "अंगठी घाल."

"घातली! अंगठी घातली. हां, घ्या आता."

"मामा, मला काही नको. माझं ऐका."

"अंगठीवर बी हटंना," आत्याला चेव चढला होता. "दुभती म्हस दे."

"आत्या, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो," मी ओरडले, पण माझं कोण ऐकतंय? आईसुद्धा पदराला हात पुसत दारात येऊन हसत उभी राहिली. आबा मोटारसायकलपर्यंत पोचले. वाटी अजून त्यांच्या हातात होती, कडेची साखर विरघळून बोटांवर उतरायला लागली होती. शेवटी ते यशराजच्या अगदी जवळ गेले. "मग तुमीच बोला. काय पायजे ते मागा. मागाल ते दिलं. सुभेदाराचा शब्द हाय, आक्काच्या देखत."

यशराजनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आबांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नक्की देणार?"

"दिलं म्हणतोय न्हवं?"

"मग ह्या घरात मला पुन्हा कधी आग्रह करायचा नाही."

हसणं थांबायला थोडा वेळ लागला. आत्याचं सगळ्यात शेवटी थांबलं. यशराज आता थांबणार नव्हता. "दिवाळीपासून मी सोडलीय, मामा. एक घोट घेतला तरी परत तिथंच जाईन. म्हणून इकडं आलो नाही. तुम्हाला नाही म्हणणं मला जमलं नसतं."

आबा हातातल्या वाटीकडे बघत राहिले. ते गोठ्यातले आठवडे, अडकित्त्यानं फोडलेल्या त्या बिया, सगळं मला त्यांच्या तोंडावर दिसलं आणि मला रडू आलं. ते वळले, दोन्ही वाट्या घेऊन स्वयंपाकघरात गेले. मी दारातून पाहिलं. एक वाटी त्यांनी मोरीत ओतली. दुसरी, आमच्याकडे पाठ करून, उभ्या उभ्या पिऊन टाकली. मग चूळ भरली, तोंडावरून पाण्याचा हात फिरवला आणि बाहेर आले.

"लय ग्वाड झालंय," ते यशराजला म्हणाले. "घेतली न्हाईसा ते बरं झालं." मग आईकडे वळून फौजी आवाजात म्हणाले, "पानं घ्या. आणि ऐका समद्यांनी. पावण्यांस्नी कुणी आग्रो करायचा न्हाई. शब्द दिलाय मी."

"मामा, मी दारूपुरतंच म्हणालो..." यशराज सांगायला गेला.

"आग्रो करायचा न्हाई म्हणालासा. न्हाई म्हंजे न्हाई."

आमच्या घरात असं जेवण कधी झालं नाही. आईनं यशराजच्या ताटात दोन धोंडे वाढले, वर तूप घातलं आणि थांबली. आमच्याकडे दोन धोंडे म्हणजे नुसती सुरुवात. पुढचे सगळे 'एवढा एकच', 'माझ्या हातचा', 'लेकीच्या वाटचा' असं म्हणत ताटात पडायचे असतात. आईचा हात पातेल्यातल्या धोंड्यांवर घुटमळत होता, पण आबांची नजर तिच्यावर होती. बनुआत्या कपाळाला हात लावून बसली होती. आबा मान खाली घालून आमटी ओरपत होते. चारचौघांत मार खाऊन आल्यासारखे ते दिसत होते.

यशराजचे दोन धोंडे संपले. त्याचं ताट रिकामं झालं तरी कुणी हललं नाही. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम माझ्या ताटातली कोशिंबीर चिवडत राहिले. काही गोष्टी ज्याच्या त्यानंच बोलायच्या असतात, आणि आज त्याला बोलायची सवय लागली होती.

"मामी," तो म्हणाला, "भूक आहे अजून. एक धोंडा वाढता?"

आई गोंधळून आबांकडे बघायला लागली. जावयानं तोंडानं मागायचं, हे कुठल्या रीतीत बसतं, तिला कळेना.

आबांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "बघतीयास काय, वाढ की," ते म्हणाले. "आग्रो पावण्याला लागतोय. घरचं माणूस मागून खातंय."

आईनं एकाऐवजी दोन वाढले. आबांनी काही हरकत घेतली नाही.

"आणि तूप?" यशराज म्हणाला, आणि त्यानं ताट पुढे केलं.